गणिताचे भाषांतर

थोरलीला गणित येते आणि शिकवताही येते, हे गावात सगळ्यांना माहीत होते. फक्त कागदावर ते कुठेच नव्हते.

कागदावर गणिताला एक शिक्षक होता. तो दरवर्षी बदलत असे, विमानाने येत असे आणि दहा महिन्यांनी विमानाने परत जात असे. त्याला पाठवणारी परदेशातली एक संस्था होती. ती त्याला स्वयंसेवक म्हणे. गावात त्याला 'पाहुणे' म्हणत. पाहुण्यांची सोय शाळेच्या हेडक्लार्कच्या घरी, रस्त्याकडच्या खोलीत होई. संस्थेच्या अगदी पहिल्या पत्रात 'स्वतंत्र खोली व खिडकी असलेले घर' कळवावे असे लिहिले होते आणि त्या पत्राला उत्तर देण्याचे काम हेडक्लार्ककडेच होते. खोटी माहिती द्यायची नाही हा त्यांचा बाणा. खोली होती, खिडकी होती. त्यांनी तसे कळवले.

थोरली ही त्यांची मोठी मुलगी. गणितात पदवीच्या पुढे शिकलेली, शिक्षकाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेली. मधली काही वर्षे आजीच्या आजारपणात गेली. ती मोकळी झाली त्याच वर्षी शाळेतले गणिताचे मास्तर निवृत्त झाले आणि पहिले पाहुणे येऊन पोचले. मुख्याध्यापक तिला म्हणाले, "बाळ, पाहुण्यांना आपली भाषा येत नाही, तू कॉलेजात त्यांची भाषा घेतली होतीस. चार दिवस जरा त्यांच्या शेजारी उभी राहा. पुढे तुझंच बघू."

ते चार दिवस नऊ वर्षे चालले होते.

पहिले पाहुणे गिटार घेऊन आले आणि पाढे चालीवर बसवू लागले. साताच्या पाढ्याला चाल सापडेना, तेव्हा त्यांनी सात सोडून आठ घेतला. दुसऱ्या बाई दिसेल त्याला मिठी मारत. पोस्टमन त्यामुळे आठवडाभर हेडक्लार्कचे टपाल शेजारी टाकत होता. चौथे दहापैकी सात महिने अंथरुणात होते आणि उरलेले तीन महिने त्याविषयी लिहीत होते. सहावे पाण्याच्या प्रत्येक पेल्यात कागदाची एक पट्टी बुडवून बघत.

"पट्टीचा रंग बदलला तर काय करतात गं?" आईने विचारले होते.

"दुसरी पट्टी बुडवतात," थोरली म्हणाली होती.

माणूस म्हणून सगळे चांगले होते. रस्ता कसा ओलांडायचा, भाजीवालीशी किती वेळ बोलायचे, कोणाच्या घरी गेल्यावर केव्हा उठायचे, हे थोरलीने प्रत्येकाला शिकवले. प्रत्येकाला आपल्या भाषेतल्या शंभरेक शब्दांपर्यंत आणून सोडले. पाहुणे घडवण्याचा एवढा अनुभव गावात दुसऱ्या कोणालाच नव्हता, पण असल्या अनुभवाचा दाखला कुठली कचेरी देत नाही.

यंदाचे पाहुणे नववे. साठीचे, उंच, मऊ आवाजाचे गृहस्थ. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी तीस वर्षे काढली होती आणि कोणत्या खोक्यावर 'ही बाजू वर' छापायचे, हे ठरवणारा विभाग त्यांच्याकडे होता. नोकरी संपली, मुले पांगली, तेव्हा आयुष्याला काही अर्थ हवा असे त्यांना वाटू लागले. तो त्यांच्या गावी मिळेना, म्हणून ते इथे आले.

इथे त्यांना सगळ्यातच अर्थ दिसे. पाणी एक दिवसाआड येते हे कळल्यावर ते गहिवरले. यामुळे माणसाला पाण्याचे मोल कळते, असे ते म्हणाले. थोरलीने ते आईला सांगितले.

"त्यांना कळलं ना," आई म्हणाली, "मग आता आपल्याला रोज येऊ दे म्हणावं."

"असं कसं सांगू त्यांना?"

"नको सांगूस. बादली भरायला लाव."

पाहुण्यांनी बादली भरली आणि तिच्यासोबत फोटो काढून घेतला. घराचे दार दिवसभर उघडे असते याचे त्यांना इतके कौतुक वाटले की त्यावर त्यांनी संस्थेला दोन पानी पत्र लिहिले. शेजारची म्हातारी एके सकाळी सरळ त्यांच्या खोलीत शिरून त्यांच्या सदऱ्याचे कापड चाचपू लागली. त्या दुपारी त्यांनी सुताराकडून आतून कडी बसवून घेतली. पत्र मात्र आधीच गेले होते.

आपले ताट आपणच घासायचे, असा त्यांचा आग्रह होता. ते ताट घासून ओट्यावर उपडे घालत आणि हात पुसत समाधानाने खोलीत जात. त्यांची पाठ वळली की आई ते ताट मागच्या दाराशी नेऊन पुन्हा घाशी. "अगं, पण त्यांना सांग ना," थोरली म्हणे. "कशाला? त्यांना आनंद होतो, मला ताट स्वच्छ मिळतं. तुझ्या वर्गात याहून वेगळं काय चालतं?"

वर्गात याहून वेगळे काही चालत नव्हते. पाहुणे खडू हातात घेऊन खिडकीपाशी उभे राहत, बाहेर बघत आणि म्हणत, "मुलांनो, गणित पुस्तकात नसतं. ते वाऱ्यात असतं, पानांत असतं, तुमच्या श्वासात असतं."

मग ते थोरलीकडे बघत. थोरली मुलांकडे वळून म्हणे, "वह्या काढा. काल लघुत्तम साधारण विभाज्यापर्यंत आलो होतो. मागच्या बाकावर कुजबुज नको. बारा आणि अठरा घेऊ." मग ती फळ्याशी जाई, दोन उदाहरणे सोडवी, तिसरे एखाद्या मुलीला सोडवायला लावी, चौथे सगळ्यांना घाली. बाकांमधून फिरून चुका दाखवी आणि परत जागेवर येऊन उभी राही. याला नऊ मिनिटे लागत. पाहुणे तोवर शांतपणे मान डोलावत असत. मग ते दुसरे वाक्य बोलत.

संस्थेला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले होते: 'यांची भाषा फार ऐसपैस आहे. माझे छोटेसे वाक्य तिच्यात गेले की हातपाय पसरून बसते.' आपल्या शिकवण्याचा परिणाम त्यांना डोळ्यांनी दिसत होता. श्वासाविषयी एक वाक्य बोलले की दहा मिनिटांत तीस मुले अपूर्णांकांची बेरीज करत. एका तासाला चार वाक्ये पुरतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. ती वाक्ये ते सकाळी दाढी करताना तयार करत.

मुलांनाही यात काही वावगे वाटत नव्हते. त्यांच्या लेखी गणित या विषयाचे नावच 'भाषांतर' होते. सर बोलतात, मग ताई फळ्यावर भाषांतर करतात, मग घरचे भाषांतर देतात आणि दुसऱ्या दिवशी ते तपासतात. एका आईने मुख्याध्यापकांकडे तक्रारही केली होती की, आमची मुलगी बाकी सगळ्यात बरी आहे, भाषांतरात तेवढी कच्ची आहे.

थोरलीचे अडतिसावे वर्ष संपत आले होते. अडतीस पूर्ण झाल्यावर नवी नेमणूक नाही, असा नियम होता आणि तिला अडतीस पूर्ण व्हायला दोन महिने आणि काही दिवस उरले होते. शिक्षकांच्या रिकाम्या जागा वर्षातून एकदाच, तपासणीच्या वेळी ठरत. तपासणी झाली की हेडक्लार्क घरी येऊन, टोपी खुंटीला लावत सांगत, "यंदाही जागा निघाली नाही." जागा जमिनीतून उगवणार होती आणि यंदाही हवा तिला मानवली नव्हती, अशा सुरात ते सांगत. थोरलीही ते तसेच ऐके. नऊ वर्षांत तिने कधी विचारले नव्हते की जागा निघते म्हणजे नेमके काय होते.

यंदा तपासणीच्या दोन दिवस आधी हेडक्लार्कनी तपासणीचा तक्ता घरी आणला. शाळेतल्या टेबलाचा एक पाय हलत होता आणि हलत्या टेबलावर ते सरकारी अक्षर काढत नसत. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी चारही पाने भरली आणि शाई वाळेपर्यंत ते अंघोळीला गेले. टेबल पुसायला आलेल्या थोरलीने चौथे पान वाचले. विषय, मंजूर जागा आणि 'विषयाचा शिक्षक उपस्थित आहे काय' असे तीन रकाने होते. गणितापुढे बापाच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: होय.

हेडक्लार्क डोके पुसत बाहेर आले तेव्हा ती फडके हातात घेऊन तिथेच उभी होती.

"बाबा, हे दरवर्षी तुम्हीच लिहिता?"

"माझ्याशिवाय कोण लिहिणार? मुख्याध्यापकांचं अक्षर कुणाला लागत नाही."

"इथे होय लिहिलं म्हणून जागा निघत नाही?"

"हो. शिक्षक असेल तिथे रिकामी जागा कशी निघेल?"

"आठ वर्षं तुम्ही घरी येऊन मला सांगताय, जागा निघाली नाही."

"मग निघाली नाहीच." हेडक्लार्कना यात विसंगती दिसेना. शाळेतला तक्ता आणि घरातली मुलगी या त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या फायली होत्या आणि एका फायलीतला कागद दुसरीत घालण्याची त्यांना सवय नव्हती.

"यंदा हा रकाना रिकामा ठेवा."

"रकाना रिकामा ठेवायची पद्धत नाही."

"मग नाही लिहा."

"वर्गात सहा फुटी माणूस उभा असताना नाही कसं लिहू? तपासनीस आत गेले की त्यांना दिसणारच."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "शाळेच्या आवारात ते झाडही उभं आहे. त्यालाही एक विषय देऊन टाका."

"तू यात पडू नकोस. हा कार्यालयीन भाग आहे."

"पोरगी माझी आहे. ती कार्यालयीन नाही."

हेडक्लार्कनी तक्ता उचलला आणि शाई वाळली आहे का ते उजेडात धरून बघितले. थोरलीने हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "ठीक आहे. परवा मी माझं नेमून दिलेलं काम करीन. तेवढंच."

"नेहमी तेच तर करतेस," हेडक्लार्क म्हणाले.

तपासणीच्या सकाळी पाहुणे इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. शाळेच्या वाटेवर त्यांनी तिला सांगितले की, संस्थेच्या मासिकात यंदा आपल्या वर्गावर लेख येणार आहे, म्हणून थोडी धाकधूक वाटते. "तू आहेस ना पण. नेहमीसारखी."

"मी भाषांतर करीन," थोरली म्हणाली. त्यांनी कृतज्ञतेने तिच्या हातातली पुस्तके घेतली. तिला ती परत मागावीशी वाटली. या माणसाने तिचे काही वाईट केले नव्हते. गेल्या महिन्यात आईचा पाय मुरगळला तेव्हा त्यांनीच तिला उचलून रिक्षात बसवले होते. एवढ्या चांगल्या माणसाला तीस मुलांसमोर उघडे पाडायचे, हे तिच्या मनाला लागत होते. पण यंदा गप्प बसले तर पुढच्या तपासणीला ती एकोणचाळिशीत असणार होती आणि दहाव्या पाहुण्यांच्या शेजारी उभी असणार होती. तिने पुस्तके मागितली नाहीत.

तपासनीस बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर ठेवणारे गृहस्थ होते. मुख्याध्यापकांनी त्यांना शेवटच्या बाकामागे खुर्ची दिली आणि स्वतः दाराशी उभे राहिले. पाहुणे खिडकीपाशी गेले. आजच्यासाठी त्यांनी चारऐवजी पाच वाक्ये तयार केली होती.

"मुलांनो," ते म्हणाले, "गणित म्हणजे एक नदी आहे."

"मुलांनो," थोरली म्हणाली, "गणित म्हणजे एक नदी आहे."

आणि ती थांबली.

पाहुणे मान डोलावायला लागले होते, ते डोलावतच राहिले. हातात खडू नाही, वह्या काढायला सांगितलेले नाही, अशी ताई मुलांनी कधी पाहिली नव्हती. वर्ग इतका गप्प झाला की तपासनिसांच्या खुर्चीची करकर ऐकू आली.

"झालं?" पाहुण्यांनी हळूच विचारले.

"झालं."

"त्या नदीत," ते जरा घाईने म्हणाले, "आपण सगळे थेंब आहोत."

"त्या नदीत आपण सगळे थेंब आहोत."

तिसरे वाक्य समुद्राविषयी होते, चौथे डोळे मिटण्याविषयी. मुलांनी डोळे मिटले. पाचवे, डोळे उघडण्याविषयी, झाले तेव्हा तास सुरू होऊन पुरती तीन मिनिटे झाली नव्हती. उरलेली सदतीस मिनिटे पाहुण्यांच्या समोर मोकळ्या मैदानासारखी पसरली. त्यांनी खडूकडे पाहिले. पुठ्ठ्याच्या खोक्यांविषयी काही सांगता येईल का, असा विचारही त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेला.

तपासनीस म्हणाले, "पुढे?"

थोरलीने तेही भाषांतर करून पाहुण्यांना दिले.

दुसऱ्या बाकावरच्या, दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "ताई, असं नको ना. नेहमीचं भाषांतर करा. फळ्यावरचं."

"फळ्यावरचं म्हणजे?" तपासनिसांनी चष्मा खाली घेतला.

दाराशी मुख्याध्यापक खोकले. मुलगी मागे वळून, मोठ्या माणसाला साधी गोष्ट समजावून सांगावी तशी सांगू लागली, "सर एक बोलतात. मग ताई त्याचं फळ्यावर करून दाखवतात. काल सर फुलपाखरू म्हणाले, तर ताईंनी शेकडेवारी केली. तीन उदाहरणं वर्गात आणि पाच घरी."

"फुलपाखराची शेकडेवारी?"

"नाही सर. नुसती शेकडेवारी. फुलपाखरू सरांचं."

तपासनिसांनी कोऱ्या फळ्याकडे पाहिले. मग त्यांनी थोरलीला सांगितले, "करा बघू. नेहमीचं."

थोरलीने पाहुण्यांच्या हातातला खडू घेतला. घेताना तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. "वह्या काढा," ती म्हणाली, आणि तीस वह्या एकदम उघडल्या. पुढची पस्तीस मिनिटे ती काय करते आहे याचे भाषांतर पाहुण्यांसाठी कोणी केले नाही. त्याची गरजही नव्हती. आकडे त्यांना वाचता येत होते. सुरुवातीला ते उभे होते, मग पहिल्या बाकाच्या कडेला टेकले. घंटा झाली तेव्हा ते दोन वेण्यांच्या मुलीच्या वहीत बघत होते.

"त्यांना विचारा," ते अखेर थोरलीला म्हणाले, "की मग इतके दिवस मी काय करत होतो?"

थोरलीने तपासनिसांना शब्दाला शब्द विचारले. तपासनिसांनी चष्मा परत कपाळावर चढवला.

"त्यांना म्हणावं, तुम्ही उपस्थित होतात."

खरी अडचण पुढे, कार्यालयात आली. तपासनीस हेडक्लार्कच्या हलत्या टेबलापाशी बसले, चौथे पान उघडले आणि म्हणाले, "मी डोळ्यांनी बघितलं ते बघितलं. पण मला वर पाठवायचं असतं ते लिहिलेलं. इथे 'होय' आहे आणि खाली हेडक्लार्कची सही आहे. हे बदलायचं तर ज्याने लिहिलं त्यानेच बदललं पाहिजे. मी खोडाखोड करत नाही."

मुख्याध्यापक लगेच म्हणाले, "बदलायचं काय त्यात? नऊ वर्षं होय आहे. यंदा नाही लिहिलं तर मागच्या आठ वर्षांचं विचारतील. अहो, तुमची निवृत्ती पाच महिन्यांवर आली. आणि मुलगी तुमची. लोक काय म्हणतील? बापाने पोरीसाठी रकाना फिरवला."

या शेवटच्या वाक्याने हेडक्लार्कच्या हातातले पेन टेबलावर ठेवले गेले. दाराशी उभ्या असलेल्या थोरलीने ते पाहिले. वर्गात जे करायचे ते तिने केले होते. इथे तिच्या हातात काही नव्हते. बापाला ती चांगली ओळखत होती. विनवणी केली तर ते ऐकणार नाहीत आणि रागावली तर मुळीच नाही.

म्हणून तिने फक्त विचारले, "बाबा, शिक्षक कोणाला म्हणायचं, ते नियमात कुठे दिलंय?"

"पहिल्याच पानावर असतं ते. व्याख्या." हेडक्लार्क सवयीने उठले, कपाटातून नियमांचे पुस्तक काढले आणि फुंकर मारून उघडले. "'शिक्षक म्हणजे विहित पात्रता असलेली आणि रीतसर नेमणूक झालेली व्यक्ती.'" ते वाचून थांबले. मग त्यांनी ते मनात पुन्हा वाचले. ओठ हलताना दिसत होते.

"नेमणूक तर झालेली नाही," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "पात्रतेचा कागदही आपल्या फायलीत नाही."

"संस्थेचं पत्र आहे ना," मुख्याध्यापक म्हणाले.

"आहे. त्यात लिहिलंय, हे गृहस्थ उत्साही आहेत." हेडक्लार्कनी पुस्तकातली यादी बोटाने वरपासून खालपर्यंत तपासली. "उत्साह यात दिलेला नाही."

ते खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू घरात चोरी झाल्याचे नऊ वर्षांनी लक्षात आले होते. मुलगी नऊ वर्षे खोळंबून राहिली याचे दुःख त्यांना होते की नाही, हे त्यांनी आजवर कोणाला कळू दिलेले नाही. पण नऊ तक्त्यांत, आपल्या सहीनिशी, व्याख्या न बघता लिहिलेली चुकीची नोंद आहे, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. त्यांनी पट्टी घेतली. 'होय'वर सरळ एक रेघ मारली, शेजारी 'नाही' लिहिले, बारीक सही केली, तारीख घातली.

"मागच्या आठ तक्त्यांची दुरुस्तीही करावी लागेल," ते म्हणाले. "मी तसं पत्र तयार करतो."

मुख्याध्यापकांनी भिंतीचा आधार घेतला. तपासनीस घाईने म्हणाले, "मागचं राहू द्या हो."

"नोंद चुकीची आहे साहेब."

"असू द्या. वर कुणी वाचत नाही."

हे ऐकून हेडक्लार्क जितके दुखावले तितके आयुष्यात क्वचितच दुखावले असतील. पत्र त्यांनी पुढे पाठवलेच. त्याला अजून उत्तर आलेले नाही.

घरी जाताना ते थोरलीला म्हणाले, "हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस."

"माहीत आहे बाबा."

"व्याख्येसाठी केलं."

"हो."

थोडे चालल्यावर ते म्हणाले, "अर्ज वेळेत कर. साक्षांकित प्रती दोन लागतात. मागाहून धावपळ नको."

पाहुण्यांनी त्या दिवशी आतून कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशीही जेवायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने ताट घेऊन दारावर थाप मारली आणि आपल्या भाषेत, त्यांना जेमतेम चार शब्द कळत असताना, दारातूनच सांगितले, "हे बघा, तुमच्यावर कोणी रागावलेलं नाही. तुम्ही माणूस चांगले आहात. शिकवता येत नाही एवढंच, ते मलाही येत नाही. जेवून घ्या." याचे भाषांतर कोणी केले नाही, तरी कडी निघाली. ताट रिकामे झाल्यावर ते घासायला उठले तेव्हा आईने पहिल्यांदाच त्यांच्या हातातून ते काढून घेतले. राख कशी घ्यायची, कडा कशा घासायच्या, हे तिने त्यांना मोरीपाशी उभे करून दाखवले. त्यानंतरची ताटे तिला पुन्हा घासावी लागली नाहीत.

संध्याकाळी त्यांनी थोरलीला विचारले, "त्या वर्गात मी काय काय शिकवलं, ते मला सांगशील?"

तिने वही आणून सगळे सांगितले. लसावि, अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. शेकडेवारी आपल्याला शाळेतही कधी नीट जमली नव्हती, असे ते म्हणाले. मग उरलेले सगळे महिने ते शेवटच्या बाकावर, गुडघे कानाशी घेऊन, वही घेऊन बसत. वार्षिक परीक्षेत त्यांना शंभरात त्रेचाळीस गुण मिळाले. थोरलीने एक उदाहरण पुन्हा तपासून एकेचाळीस केले. त्यांनी हरकत घेतली नाही.

जाहिरात निघाली, मुलाखत झाली. 'अनुभव' या रकान्यात थोरलीने 'नऊ वर्षे, दुभाषी' असे लिहिले होते आणि मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एकाने तिला विचारले की, शिकवण्याचा काही अनुभव नाही का. तिने फळा मागितला. अडतीस पूर्ण व्हायला अकरा दिवस असताना नेमणुकीचा कागद आला.

संस्थेच्या मासिकात लेखही आला. पाहुण्यांनी खरे काय घडले ते सविस्तर लिहून पाठवले होते, पण जागेअभावी ते आवरते घेतले असावे. छापून आलेला मथळा असा होता: 'आमच्या स्वयंसेवकाच्या प्रेरणेने स्थानिक महिला झाली शिक्षिका'. फोटोत पाहुणे फळ्यापाशी होते आणि कडेला थोरलीचा अर्धा हात होता. तो अंक दाखवताना पाहुणे शरमेने लाल झाले. आईने फोटो निरखून पाहिला. "हात तुझाच आहे," ती म्हणाली. "बांगडीवरून ओळखला."

सुट्टी संपून शाळा उघडली. रुजू होण्याच्या दिवशी थोरली निघाली वेळेवर, पण शाळेच्या जिन्यात मुलांनी तिला गाठले. आता आम्हाला दोन तास असतील का, एक गणिताचा आणि एक भाषांतराचा, अशी त्यांना काळजी होती. तिने त्यांना समजावले. दोन वेण्यांची मुलगी म्हणाली की, मग परीक्षेत काय म्हणून लिहायचे. तेही समजावले. ती कार्यालयात पोचली तेव्हा घंटा होऊन गेली होती.

हेडक्लार्कनी हजेरीपट तिच्यासमोर सरकवला. त्यांची नोकरी संपायला तीन आठवडे होते. शेवटच्या ओळीवर तिचे नाव त्यांनी स्वतः, जपून, ठळक अक्षरात घातले होते. तिने नावापुढच्या चौकोनात सही केली. हेडक्लार्कनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, लाल शाईचे पेन उघडले आणि सहीखाली बारीक अक्षरात लिहिले: उशीर, चार मिनिटे.

"बाबा. पहिल्याच दिवशी?"

"इथे हेडक्लार्क म्हणायचं."

थोरलीने तो चौकोन पाहिला. नऊ वर्षे ती या इमारतीत सगळ्यांच्या आधी येत होती आणि सगळ्यांच्या नंतर जात होती, आणि त्याची कुठेही नोंद नव्हती. आज पहिल्यांदा कोणीतरी लिहून ठेवले होते की ती यायला हवी होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "चारच झाली." आणि खडूची पेटी उचलून वर्गाकडे निघाली.

हेडक्लार्कनी लाल शाई टिपकागदाने टिपली. मग तो कागद थोडा जास्तच वेळ तिथे दाबून धरला.